जैतून नगरीतील मुसाफिर : इब्ने बतूता (रह.)

इस्लामने मुसाफिराला विशेष स्थान दिले आहे. त्याच्यासाठी नमाज कसर केली, रमजानचे रोजे पुढे ढकलण्याची मुभा दिली आणि जकातीच्या हक्कदारांतही त्याचा समावेश केला. आपल्या गावी श्रीमंत असलेला माणूससुद्धा परक्या भूमीवर असहाय होऊ शकतो, हे सत्य या सवलतींच्या मुळाशी आहे. पृथ्वीवर संचार करा, निर्मितीकडे डोळे उघडून पाहा, पूर्वी होऊन गेलेल्या लोकांच्या परिणामापासून बोध घ्या, अशी शिकवणही कुरआनने वारंवार दिली आहे. या दोन्ही गोष्टींचा अर्थ ज्यांच्या जीवनात एकत्र पाहावयास मिळतो, असे थोर पुरुष म्हणजे इब्ने बतूता (रह.). त्यांनी किती देश पाहिले हे सर्वांना ठाऊक असते. मात्र चीनच्या जैतून नावाच्या बंदरात त्यांना काय लाभले आणि त्याच काळात घरी त्यांनी काय गमावले, याचा विचार फारसा होत नाही.

हजच्या वाटेवर

अबू अब्दुल्लाह मुहम्मद इब्ने बतूता यांचा जन्म इ. स. १३०४ मध्ये (हिजरी ७०३) मोरोक्कोतील तंजा म्हणजेच टँजियर या शहरी झाला. घराणे काझींचे होते आणि मालिकी फिक्हचे शिक्षण घरच्या परंपरेतूनच मिळाले. १३२५ च्या जून महिन्यात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी हजच्या इराद्याने घर सोडले. आईवडील हयात होते. त्यांचा वियोग मुलाला जड गेला आणि त्यांनाही तितकाच जड गेला. एकदोन वर्षांत परतावयाचे, असा सर्वसाधारण हाजींचा बेत असतो. परंतु तंजाचा हा तरुण पुन्हा मायभूमीवर पाऊल ठेवणार होता तो चोवीस वर्षांनी.

पहिला हज १३२६ मध्ये घडला. त्यानंतर इराक, इराण, येमेन, पूर्व आफ्रिकेचा किनारा, अनातोलिया आणि मध्य आशिया असा प्रवास करीत ते १३३३ च्या सप्टेंबरात सिंधू नदीच्या काठी पोहोचले. दिल्लीत सुलतान मुहम्मद बिन तुघलकाने त्यांना काझी नेमले. मानमरातब मोठा होता आणि धोकाही तेवढाच मोठा होता. सुलतानाची मर्जी जितक्या लवकर बसे, तितक्याच लवकर उडे. एका सूफी शेखच्या भेटीमुळे त्यांच्यावर संशय आला आणि काही दिवस पहाऱ्यात काढावे लागले. सुटका झाल्यावर त्यांनी संपत्ती वाटून टाकली व एका विरक्त बुजुर्गांच्या सहवासात इबादतीत मन रमविले. अशा वेळी सुलतानाचे बोलावणे आले. चीनच्या मंगोल बादशहाने दिल्लीला भेटवस्तू पाठविल्या होत्या. त्यांच्या उत्तरादाखल नजराणा घेऊन इब्ने बतूता यांनी राजदूत म्हणून चीनला जावे, असा हुकूम झाला.

दौलताबादहून कालिकतकडे

१३४२ च्या जुलैमध्ये हा काफिला दिल्लीहून निघाला. चीनहून आलेले दूतही सोबत होते. वाटेत तो आपल्या महाराष्ट्रातून गेला. दौलताबादचा किल्ला, तेथील तळघरातले प्रचंड उंदीर, वर्षातून दोनदा येणारी द्राक्षे व डाळिंबे यांची नोंद इब्ने बतूता यांनी केली आहे. गायक-वादकांच्या पेठेत मशिदी होत्या आणि रमजानमध्ये तेथे तरावीह होत असे, हेही त्यांनी आवर्जून सांगितले आहे. नंदुरबारच्या मराठी लोकांचे कलाकौशल्य, त्यांचे वैद्यक व ज्योतिष, त्यांचा भात, भाजी व तिळाच्या तेलाचा आहार आणि जेवणापूर्वी स्नान करण्याची रीत या गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटल्या नाहीत. पुढे खंबायतच्या किनाऱ्यावरून, गोव्याचे सिंदाबूर मागे टाकीत, काफिला कालिकतला पोहोचला.

कालिकतच्या बंदरात चीनची तेरा मोठी जहाजे उभी होती. नजराणा एका जहाजावर चढविला गेला. इब्ने बतूता यांची माणसे व सामान दुसऱ्या, लहान जहाजावर होते. जुमाच्या नमाजसाठी ते स्वतः किनाऱ्यावर थांबले आणि रात्री वादळ उठले. नजराण्याचे जहाज किनाऱ्यावर आदळून फुटले व त्यावरील माणसे बुडाली. ते पाहून दुसऱ्या जहाजाने शिडे उभारली आणि ते खोल समुद्रात निघून गेले. शाही राजदूताजवळ उरले ते दहा दीनार आणि अंथरायला एक सतरंजी.

रिकाम्या हातांनी दिल्लीला परतावे, तर सुलतानाचा कोप ठरलेला. अमानत सांभाळणारा म्हणून नजराण्याबरोबर आपण का नव्हतो, या प्रश्नाला उत्तर काय द्यावे? त्यांनी परत न जाण्याचे ठरविले. मालदीवमध्ये काझीपद भूषवून, सिलोन, बंगाल आणि सुमात्रा पाहून, राजाचा नजराणा किंवा स्वतःची दौलत हाती नसलेला हा माणूस १३४५-४६ च्या सुमारास अखेर चीनच्या किनाऱ्यावर उतरला.

जैतूनचे दर्शन

ज्या बंदरात ते उतरले, त्याला अरब व इराणी व्यापारी जैतून म्हणत. आज ते फूजियान प्रांतातील क्वानझौ शहर म्हणून ओळखले जाते. नाव ऐकून इब्ने बतूता यांना जैतूनच्या झाडांची अपेक्षा होती. परंतु तेथे एकही जैतून नव्हता. या शहराभोवती लाल फुलांचे वृक्ष लावलेले होते. चिनी भाषेत त्यांना चितोंग म्हणत आणि तोच शब्द परक्या जिभेवर जैतून झाला. हा वृक्ष म्हणजे आपल्या कोकणात व सह्याद्रीत फुलणारा पांगारा होय.

बंदर पाहून हा अनुभवी प्रवासी थक्क झाला. सुमारे शंभर मोठी जहाजे त्यांनी तेथे पाहिली. लहान नौकांची तर गणतीच नव्हती. जगातील सर्वांत मोठ्या बंदरांत त्यांनी जैतूनची गणना केली. येथे विणले जाणारे मखमल व रेशीम शहराच्याच नावाने ओळखले जाई. घरांभोवती बागा व शेते होती आणि ती पाहून त्यांना मगरिबमधील सिजिलमासा शहराची आठवण झाली.

राज्यकारभारातील शिस्त त्यांना विशेष भावली. व्यवहार कागदी चलनात होत. नोट जुनी होऊन फाटली, तर सरकारी टांकसाळीत काहीही न आकारता नवी मिळे. प्रत्येक मुक्कामाच्या सराईत अधिकारी रात्री प्रवाशांची नावे लिहून दाराला कुलूप लावी, सकाळी मोजदाद करी आणि पुढील मुक्कामापर्यंत सोबत देई. त्यामुळे मोठी रक्कम बाळगून एकटा निघालेला माणूसही निर्धास्त असे. एके ठिकाणी बाजारातून परतताना त्यांनी स्वतःचे व सोबत्यांचे चित्र भिंतीवर लावलेले पाहिले. परदेशी माणसांची चित्रे त्यांच्या नकळत काढून ठेवण्याची तेथे पद्धत होती, म्हणजे गुन्हा करून पळणाऱ्याला ओळखता येई. दक्षिणेकडील सीन कलान (आजचे ग्वांगझौ) येथे म्हातारे, अनाथ व विधवा यांच्या अन्नवस्त्राची सोय असलेले मंदिरही त्यांनी पाहिले. दुसऱ्या धर्माच्या लोकांतील चांगले ते चांगले म्हणून सांगण्यात त्यांनी हात आखडता घेतला नाही.

तरीही चीनमध्ये त्यांचे मन रमले नाही. सभोवतालच्या श्रद्धा व रीती त्यांना इतक्या परक्या वाटल्या की गरजेशिवाय ते घराबाहेर पडेनासे झाले. ही त्यांची मर्यादा होती आणि ती त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे मांडली आहे. ज्याने अर्धे जग पालथे घातले, तोही परकेपणाने खचू शकतो. अशा वेळी कोणी मुस्लिम भेटला, की आपलाच आप्त भेटल्यासारखे त्यांना वाटे.

दारी आलेले बांधव

जैतूनमध्ये पाऊल ठेवले त्याच दिवशी त्यांची गाठ एका ओळखीच्या माणसाशी पडली. दिल्लीला भेटवस्तू घेऊन आलेला, कालिकतच्या वादळात जहाज गमावलेला चिनी दूतच तो! त्याने यांना ओळखले, दिवाणाच्या प्रमुखाला सांगितले आणि उत्तम घराची व्यवस्था झाली. येथे हेही लक्षात घ्यावे की मदतीचा पहिला हात पुढे आला तो बादशहाच्या या दूताचा.

मग शहरातील मुस्लिम एकेक करून भेटीस आले. मुस्लिमांचे काझी ताजुद्दीन अर्दबिली आले. शेखुल इस्लाम कमालुद्दीन इस्फहानी आले. नामांकित व्यापारीही आले, त्यांत शरफुद्दीन तब्रीझी होते. हिंदुस्थानात प्रथम आले तेव्हा इब्ने बतूता यांनी ज्या व्यापाऱ्यांकडून कर्ज घेतले होते, त्यांपैकी हे एक. व्यवहारात सर्वांत सचोटीचे म्हणून त्यांचे नाव यांच्या मनावर कोरले गेले होते. हे व्यापारी कुरआनचे हाफिज होते. आलेल्या मुसाफिराची रक्कम आपल्याकडे ठेवावी, तीतून त्याचा खर्च काटकसरीने व भलेपणाने चालवावा आणि काही हरवले तर स्वतः भरून द्यावे, हा चीनमधील मुस्लिम व्यापाऱ्यांचा रिवाज होता. शहराबाहेर शेख बुरहानुद्दीन काझरूनी यांची खानकाह होती.

याच शहरात एक दगडी मशीद होती आणि ती आजही उभी आहे. तिच्या दारावरील अरबी शिलालेख सांगतो की ती हिजरी ४०० मध्ये बांधली गेली आणि हिजरी ७१० (इ. स. १३१०) मध्ये तिची दुरुस्ती झाली. इब्ने बतूता आले तेव्हा त्या दुरुस्तीला पस्तीसेक वर्षेच लोटली होती.

पुढे कंजनफू नावाच्या शहरी एके दिवशी मौलाना किवामुद्दीन म्हणून एक सधन आलिम त्यांना भेटावयास आले. बोलता बोलता इब्ने बतूता त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहू लागले. विचारणा झाली आणि उलगडले की पाहुणे तंजाच्या शेजारील सब्ता शहराचे आहेत. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले. दिल्लीतही त्यांची पूर्वी भेट झालेली होती. निरोपाच्या वेळी हे गृहस्थ चार दिवसांची वाट सोबत चालले. पुढे कित्येक वर्षांनी इब्ने बतूता यांना या अल-बुश्री आलिमांचे सख्खे भाऊ भेटले, ते सहाराच्या कडेला असलेल्या सिजिलमासामध्ये. दोन भावांमध्ये केवढे हे अंतर!

त्यानंतर त्यांनी खन्सा, म्हणजे आजचे हांगचौ, पाहिले आणि पृथ्वीवर पाहिलेले सर्वांत मोठे शहर असे त्याचे वर्णन केले. त्याही पुढे राजधानीपर्यंत गेल्याचे त्यांनी सांगितले आहे, मात्र त्या भागाविषयी इतिहासकार साशंक आहेत. चीनमधील अंतर्गत लढायांची चिन्हे दिसू लागताच ते जैतूनला परतले आणि जहाजात बसले.

परतीची वाट

१३४८ मध्ये ते दमास्कसला पोहोचले. वीस वर्षांपूर्वी तेथे त्यांनी गरोदर पत्नीला सोडले होते. मुलगा झाल्याचे हिंदुस्थानात असताना कळले होते आणि त्याच्यासाठी त्यांनी चाळीस दीनारही पाठविले होते. आता चौकशी करता समजले की तो मुलगा बारा वर्षांपूर्वीच अल्लाहला प्यारा झाला. तंजाहून आलेल्या एका आलिमांनी सांगितले की वडिलांना जाऊन पंधरा वर्षे झाली, आई मात्र हयात आहे. त्याच वर्षी महामारीने शहरेच्या शहरे ओस पडत होती. आणखी एक हज करून ते घराकडे वळले. १३४९ मध्ये, गाव काही दिवसांच्या अंतरावर असताना, ताझा शहरी बातमी मिळाली की आईसुद्धा महामारीत गेली. तंजाला पोहोचल्यावर त्यांनी आईच्या कबरीची जियारत केली.

त्यानंतर ते अंदलुस व माली येथेही जाऊन आले. मोरोक्कोचा सुलतान अबू इनान याच्या आज्ञेवरून त्यांनी आपली प्रवासहकिकत इब्ने जुझय्य या लेखकाला सांगितली. १३५५ मध्ये हे कथन पूर्ण झाले. अखेरची वर्षे काझी म्हणून व्यतीत करून १३६८-६९ च्या सुमारास ते अल्लाहच्या रहमतीत दाखल झाले.

जैतूनचे पुढे काय झाले? इब्ने बतूता येऊन गेल्यानंतर बाराएक वर्षांतच तेथील परदेशी वंशाच्या मुस्लिम सैन्याने बंड पुकारले. त्यात आपसांतील फूट माजली. १३६६ मध्ये बंड मोडले गेले, मुस्लिमांची कत्तल झाली आणि कबरी उद्ध्वस्त झाल्या. कबरींचे दगड शहराच्या तटबंदीत चिणले गेले. विसाव्या शतकात तट पाडले गेले तेव्हा ते अरबी शिलालेख पुन्हा प्रकाशात आले. आज ते तेथील संग्रहालयात आहेत.

व्यापाऱ्यांच्या वखारी गेल्या, जहाजे गेली, रेशीम कुजले. ताजुद्दीन, कमालुद्दीन व शरफुद्दीन यांची नावे मात्र आपण सहाशे पंचाहत्तर वर्षांनंतरही आदराने घेत आहोत. त्यांनी केले ते एवढेच की सर्वस्व गमावून आलेल्या एका मुसाफिराच्या दारी ते स्वतः चालत गेले. आपल्या शहरांतही दूरच्या जिल्ह्यातून, दूरच्या राज्यातून शिक्षणासाठी व पोटासाठी माणसे येतात. ती आपल्या मोहल्ल्यात भाड्याच्या खोलीत राहतात, आपल्याच सफमध्ये नमाज पढतात आणि कोणाशी न बोलता परत जातात. त्यांच्या दारी कोणी जाते काय? आणि आपलीच जी मुले परगावी, परदेशी आहेत, त्यांची घरी वाट पाहणाऱ्या आईची आठवण त्यांना वेळेवर होते काय? इब्ने बतूता (रह.) यांना जगभर आप्त मिळाले, पण आईला भेटण्याची वेळ निघून गेली. मुसाफिराला आसरा देण्याची आणि घरी परतण्यास उशीर न करण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.