तिळभांडेश्वराच्या गल्लीतला कवी

शिक्षण संपते, बरोबरीचे मित्र एकेक करून पुण्या-मुंबईला किंवा परदेशी जातात. कुणाला नोकरी लागते, कुणाचे लग्न ठरते. आणि एखादा पंचविशीतला तरुण मात्र आई-वडिलांच्या घरातच राहतो. सणासुदीला मित्र भेटतात, विचारपूस करतात आणि पुन्हा आपापल्या वाटेने निघून जातात. आपण मागे पडलो, ही खंत त्याला आतून पोखरत राहते. आजच्या तरुण पिढीत ही भावना बरीच दिसते. पण ती आजचीच आहे असे नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी नाशिकच्या तिळभांडेश्वर गल्लीत असाच एक तरुण आईच्या आधाराने दिवस काढत होता. पुढे महाराष्ट्राने त्याला स्वातंत्र्यकवी गोविंद म्हणून ओळखले.

गोविंद त्र्यंबक दरेकर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७४ रोजी नाशिकमध्ये झाला. घरची स्थिती गरिबीची. त्यातच लहानपणी आजारपणात दोन्ही पाय लुळे झाले. शाळेचे शिक्षण जेमतेम झाले. चालता येत नाही, हाताशी पदवी नाही, घरात पैसा नाही, अशा मुलापुढे त्या काळात कोणती वाट असणार? गल्लीतील मुले मोठी झाली, संसाराला लागली. गोविंदांचे जग मात्र एका खोलीपुरते राहिले. ओळखीची माणसे त्यांना आबा म्हणत.

शब्दांची देणगी मात्र त्यांच्याकडे उपजत होती. पुस्तकी अभ्यास नसतानाही वृत्त आणि चाल यांची त्यांना उत्तम जाण होती. त्या काळच्या लोकरंजनाच्या रीतीप्रमाणे सुरुवातीला ते शृंगारिक लावण्या रचत. ऐकणारे माना डोलावत, दाद देत आणि निघून जात. वयाची पंचविशी आली तरी या बुद्धीला काही दिशा मिळालेली नव्हती.

ती मिळाली वयाने लहान असलेल्या एका मित्रामुळे. १८९९ मध्ये भगूरला प्लेगने थैमान घातले. त्यात दामोदरपंत सावरकर गेले आणि त्यांची मुले नाशिकला आली. विनायक त्यावेळी शाळेत शिकत होता. गोविंदांपेक्षा तो नऊ वर्षांनी लहान. तरीही दोघांची मैत्री जमली. १ जानेवारी १९०० रोजी मित्रमेळ्याची स्थापना झाली आणि आबा दरेकरांच्या खोलीत तरुणांच्या बैठका भरू लागल्या. इतिहास, राजकारण, परदेशातील क्रांत्या यांवर तेथे तासन्‌तास चर्चा चाले. बाहेर जाऊ न शकणाऱ्या माणसाच्या दारी बाहेरचे जग आपणहून आले.

या बैठकांनी गोविंदांची लेखणी बदलली. लावण्या मागे पडल्या आणि शिवचरित्रावरील पोवाडे, देशभक्तीची पदे जन्माला आली. गणेशोत्सवात आणि शिवजयंतीच्या उत्सवात मित्रमेळ्यातील मुले ती खड्या आवाजात गात. अफझलखानाच्या वधावरील त्यांची रचना लोकप्रिय झाली. युद्धावाचून कोणत्या देशाला स्वातंत्र्य मिळाले आहे, असा रोखठोक सवाल करणारी त्यांची कविता तर तरुणांच्या तोंडी बसली. बाबाराव सावरकरांच्या पत्नी यशोदाबाई, म्हणजेच येसूवहिनी, यांनी स्थापन केलेल्या आत्मनिष्ठ युवती संघातही गोविंदांची पदे म्हटली जात. ज्याला उंबरठा ओलांडणे कठीण होते, त्याचे शब्द असे गावभर फिरू लागले.

मित्र मात्र थांबणारे नव्हते. १९०२ च्या जानेवारीत विनायकराव पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९०४ मध्ये मित्रमेळ्याचे रूपांतर अभिनव भारतात झाले आणि कार्याचा पसारा नाशिकबाहेर वाढला. १९०६ मध्ये विनायकराव बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला रवाना झाले. ज्या खोलीत स्वप्ने रंगवली, ती खोली तेथेच राहिली आणि गोविंदही तेथेच राहिले. त्यांची तिशी उलटली होती. मित्रांच्या बातम्या ऐकायच्या आणि नवी पदे रचायची, एवढेच त्यांच्या हाती होते.

पुढे घडले ते अधिकच कठोर होते. बाबाराव सावरकरांनी देशभक्तीपर कवितांचे एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात गोविंदांच्या रचनांचाही समावेश होता. या प्रकाशनाबद्दल जून १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांची मालमत्ता जप्त करण्याचा हुकूम निघाला. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. नाशिक कटाच्या खटल्यात ३८ जणांवर आरोप ठेवण्यात आले. १९११ मध्ये विनायकरावही अंदमानात पोहोचले.

कालपर्यंत खोलीत गाणारी मुले तुरुंगात होती. गल्लीत पोलिसांची दहशत होती. आपण रचलेले शब्द छापल्याबद्दल जिवाभावाचा मित्र काळ्या पाण्यावर गेला आणि आपण घरी आहोत, हे ओझे किती जड असेल याची कल्पनाच केलेली बरी. १९१९ मध्ये येसूवहिनीही गेल्या. पतीची सुटका त्यांना पाहता आली नाही. बाबाराव सुटले ते १९२२ मध्ये.

या सगळ्या काळात गोविंदांनी कविता सोडली नाही, हे त्यांचे मोठेपण. त्यांच्या ‘सुंदर मी होणार’ या कवितेत मृत्यूकडे पाहण्याची विलक्षण दृष्टी आहे. देहाचे व्यंग आयुष्यभर सोसलेल्या माणसाने मरणात नव्या, निर्दोष रूपाची आशा पाहिली. त्या कवितेत तक्रारीचा सूर नाही. २८ फेब्रुवारी १९२६ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

पु. ल. देशपांडे यांनी १९५८ च्या सुमारास आपल्या नाटकाला याच कवितेचे नाव दिले. पायांनी अधू, वडिलांच्या महालात अडकून पडलेली आणि कविता करणारी राजकन्या ही त्या नाटकाची नायिका. घराच्या चार भिंतींत कोंडलेल्या तरुण मनाची कहाणी सांगताना पु.लं.ना गोविंदांचेच शब्द जवळचे वाटले, हे अर्थपूर्ण आहे. नाटक आठवणाऱ्या अनेकांना कवी मात्र ठाऊक नसतो.

तिळभांडेश्वर गल्लीत आज अभिनव भारत मंदिर उभे आहे. क्रांतिकारकांचे स्मरण करण्यासाठी लोक तेथे येतात. त्या स्मरणात गोविंदांनाही जागा हवी. नोकरी, पदवी, प्रवास यांपैकी काहीही त्यांच्या वाट्याला आले नाही. पंचविशीत ज्या खोलीत होते, त्या परिसरातच त्यांचे आयुष्य गेले. मागे राहिल्याची खंत मनात घेऊन बसलेल्या आजच्या तरुणाला त्यांच्या चरित्रातून तयार उत्तर मिळणार नाही. पण ज्या वयात सारे संपले असे वाटते, त्या वयात गोविंदांच्या खऱ्या कामाला नुकती सुरुवात झाली होती, एवढे त्याने जरूर ध्यानात ठेवावे.