लाल गोळीमागच्या ल्युसी विल्स

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर किंवा झरी जामणीकडच्या एखाद्या कोलाम पोडावर आशाताई गरोदर बाईच्या हाती लाल गोळ्यांची पट्टी ठेवतात. त्या प्रत्येक गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. लोह रक्तासाठी, हे बहुतेकांना ठाऊक असते. दुसऱ्या घटकाचा शोध मात्र मुंबईच्या गिरणगावात सुरू झाला, हे फारसे कुणाला माहीत नाही.

ल्युसी विल्स यांचा जन्म १८८८ मध्ये इंग्लंडमधला. केंब्रिजला त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. परीक्षा दिली, पण पदवी मिळाली नाही. त्या विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडावे लागले. पुढे लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी प्रयोगशाळा निवडली.

१९२८ मध्ये त्या मुंबईत आल्या. बाळंतपणात इतक्या बायका का दगावतात, याची चौकशी तेव्हा चालू होती आणि परळच्या हाफकिन संस्थेत त्यांना काम मिळाले. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक विचित्र पंडुरोग दिसत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या आणि अर्धवट वाढलेल्या. अनेकींचा त्यात जीव जाई.

बहुतेकांनी अशा वेळी जंतूच शोधला असता. विल्स यांनी जंतूंचीही तपासणी केली, पण त्यासोबत या बायका काय खातात तेही पाहिले. गरीब घरांतल्या, विशेषतः भाजीपाला आणि फळे क्वचितच मिळणाऱ्या बायकांमध्ये हा आजार अधिक होता. तसाच आहार त्यांनी उंदरांना दिला. उंदीर अशक्त झाले, पण नंतर कळले की उवांमार्फत पसरणाऱ्या एका संसर्गाने त्या निष्कर्षात घोळ केला होता. मग त्या माकडांकडे वळल्या.

त्या काळी एका घातक पंडुरोगावर यकृताचा अर्क नुकताच गुणकारी ठरला होता. विल्स यांच्या रुग्णांना मात्र शुद्ध केलेल्या अर्काने फरक पडेना. साधा, कमी शुद्ध केलेला अर्क चाले. म्हणजे शुद्ध करताना नेमके काहीतरी निसटत होते. ही बारीक नोंदच मला त्यांच्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. सांगतात की अगदी गळून गेलेल्या एका माकडाला त्यांनी यीस्टपासून बनलेले, पावाला लावायचे स्वस्त मार्माइट दिले आणि ते सावरले. गरोदर बायकांवरही त्याचा गुण आला. यकृताचा अर्क गरिबाला परवडणारा नव्हता, मार्माइट परवडत होते. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे मांडले.

त्या अज्ञात पदार्थाला लोक विल्स घटक म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून फॉलिक अ‍ॅसिड वेगळे केले गेले. पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. पुढे ते प्रयोगशाळेत घडवणाऱ्या चमूचे नेते होते आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांना स्वतःला तरुणपणी स्प्रू हा अन्न अंगी न लागू देणारा आतड्याचा आजार जडला होता.

आतडे आणि रक्त यांचे हे नाते आजही दवाखान्यात दिसते. क्रोन किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस झालेल्यांमध्ये फोलेट कमी पडू शकते. आजारामुळे आणि सल्फासालाझिनसारख्या औषधामुळेही. फोलेट घटले की रक्तात होमोसिस्टीन वाढते. अशा रुग्णांच्या शिरांत गुठळ्या होण्याचा धोका इतरांहून जास्त असतो, म्हणून संशोधकांची नजर होमोसिस्टीनवर गेली. ते कमी केल्याने गुठळ्या टळतात, हे मात्र सिद्ध झालेले नाही. गुठळीमागे मुख्य हात दाहाचाच मानला जातो. सिकलसेलमध्ये गोष्ट वेगळी: तिथे तांबड्या पेशी लवकर फुटतात, नव्या घडवायला फोलेट लागते, म्हणून विदर्भातल्या या रुग्णांना डॉक्टर ही गोळी देतात.

विल्स यांनी लग्न केले नाही. निवृत्तीनंतर त्या चेल्सीत मजूर पक्षाच्या नगरसेविका झाल्या आणि आहाराच्या अभ्यासासाठी फिजीपर्यंत फिरल्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्या गेल्या. गरोदरपणाच्या आधीपासून घेतलेले फॉलिक अ‍ॅसिड बाळाच्या पाठीच्या कण्याचे व्यंग टाळते, हे ठामपणे सिद्ध झाले त्यानंतर २७ वर्षांनी.