पदवीविना पंडित : डॉ. सलीम अली

विद्यापीठाची पदवी हाती नसताना ज्यांना विद्यापीठांनीच पुढे गौरविले, त्या थोर पक्षितज्ज्ञाची ही ओळख आहे.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढविले. दहाएक वर्षांचे असताना छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणती, हे मामांना सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथे मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखविले आणि मुलाच्या आयुष्याची दिशा ठरली.

परंतु वाट सोपी नव्हती. काही वर्षे ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात गेली. पदवी नाही म्हणून सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी लागली. पुढे बर्लिनला जाऊन ते स्ट्रेझमान यांच्याकडे शिकले; १९३० मध्ये परतले तर ती जागाच रद्द झालेली! हा बेकार माणूस किहीमला जाऊन सुगरणीची घरटी न्याहाळीत बसला. घरटे विणतो तो नर. मादी ते पारखून पसंत करते. मग नर दुसरे घरटे बांधून दुसरी मादी आणतो, हे त्यांनी बारकाईने नोंदविले.

१९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आमच्या नाथसागरापलीकडचे पैठण तेव्हा त्याच संस्थानात होते. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९७४ मध्ये पूर्ण झाला. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. अलीगढ, दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनी सन्माननीय डॉक्टरेट दिली. २० जून १९८७ रोजी ते निवर्तले.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. मे महिन्यात नाथसागराचे पाणी ओसरले की आम्ही गाळपेर करतो. यंदा भर दुपारी तेथे मी वहीत नोंदी केल्या : शेकाटे अकरा, नदीसुरय चार, चित्रबलाक दोन. याने पोट भरेल का, असे वडिलांनी विचारले. मजजवळ उत्तर नव्हते. पण वेलांना पाणी देताना टिटवीच्या खड्यांसारख्या चार अंड्यांभोवतीची जागा त्यांनी स्वतःच कोरडी सोडली होती. अंडी कुठे आहेत, हे मला त्यांनीच दाखविले.

आईवडिलांच्या घामातून मिळणारी पदवी मला हवीच आहे. सलीम अलींनाही तिची उणीव भासली, हे विसरून चालणार नाही. मात्र डोळे उघडे ठेवून पाहण्यासाठी आणि पाहिलेले प्रामाणिकपणे लिहून ठेवण्यासाठी ते पदवीची वाट पाहत थांबले नाहीत. आपल्यापैकी ज्यांच्या गावाला तळे आहे, धरण आहे, त्यांनी या सुट्टीत एक वही तेवढी घ्यावी. आणि नावे अडली तर प्रथम घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.