गोसेवक मणिभाई देसाई

मराठवाड्यातील उन्हाळा मोठा कडक असतो. नांदेड व लातूर या जिल्ह्यांत वैशाखात पारा ४० अंशांच्या वर चढतो, ओढे-नाले आटतात आणि हिरवा चारा दिसेनासा होतो. अशा दिवसांत कोरड्या कडब्यावर निर्वाह करून तग धरणाऱ्या गुरांच्या दोन जाती तेथे नावाजलेल्या आहेत. कंधार भागातील तांबड्या रंगाची लाल कंधारी ही एक, आणि देवणी-उदगीर भागातील काळ्यापांढऱ्या रंगाची देवणी ही दुसरी. दोन्ही जातींचे बैल शेतकामाला उत्तम. परंतु गाईंचे दूध बेताचेच. एका वेतात देवणी गाय सरासरीने ८०० ते ९०० लिटर दूध देते, तर लाल कंधारी सुमारे ६०० लिटर. उलट, थंड देशांतील गाय दूध विपुल देते, पण तिला येथील ऊन सोसत नाही. हे दोन्ही गुण एकाच गाईत आणता येतील काय? या प्रश्नाचा ध्यास घेऊन ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत मणिभाई देसाई यांचे नाव अग्रभागी आहे.

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी गुजरातेतील सुरत जिल्ह्यात, कोसमाडा या गावी, एका शेतकरी कुटुंबात झाला. ते विज्ञानाचे पदवीधर होते. मनात आणले असते तर त्यांना चांगली नोकरी सहज मिळाली असती. पण १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी उडी घेतली आणि कारावास पत्करला. पुढे ते महात्मा गांधींच्या सहवासात आले. १९४६ साली गांधीजींनी पुण्याजवळील उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि त्याचा भार या तरुणावर सोपविला. आपले उर्वरित आयुष्य याच गावाच्या सेवेत घालवीन, असे वचन मणिभाईंनी गांधीजींना दिले.

त्या वेळी उरुळी कांचन हे दारिद्र्याने गांजलेले गाव होते. रोग्यांची सेवा करता करता मणिभाईंच्या ध्यानात आले की, पुष्कळशा दुखण्यांचे मूळ उपासमारीत आहे. घरात दूध आले, तर मुलांचे पोषण होईल आणि उरलेले दूध विकून चार पैसेही हाती येतील. म्हणून त्यांनी आश्रमात गोशाळा उभारली व काठेवाडची दुधाळ गीर गाय तेथे आणली. योग्य चारा, निगा आणि निवड यांच्या बळावर त्यांनी तो कळप सुधारला. देवणीच्या रक्तातही गीर जातीचा अंश आहे, असे जाणकार मानतात.

पण केवळ निवडीने दूध वाढण्यास कित्येक पिढ्या लागतात. गरीब शेतकऱ्याला इतकी वाट पाहणे कसे परवडावे? म्हणून मणिभाईंनी संकराचा मार्ग धरला. वासराला निम्मे जनुक मातेकडून व निम्मे पित्याकडून मिळतात. जनुक म्हणजे आईबापांचे गुण संततीत उतरविणारे सूक्ष्म घटक. देशी गाईचा हॉलस्टीन किंवा जर्सी वळूशी संकर केल्यास कालवडीत पित्याकडून दूध येते आणि मातेकडून काटकपणा.

हा काटकपणा येतो कोठून? गाय खाल्लेला चारा पचविते आणि त्याचे दूध करते, तेव्हा तिच्या शरीरात उष्णता निर्माण होते. दूध जितके अधिक, तितकी उष्णताही अधिक. ती बाहेर टाकता आली नाही, तर गाय धापा टाकते, चारा कमी खाते आणि दूध आटते. आपल्या देशी गाईंचे केस आखूड असतात, कातडी सैल असते, गळ्याखाली पोळी लोंबते आणि घामही अधिक सुटतो. त्यामुळे त्यांचे अंग लवकर निवते.

या कार्याचा विस्तार करण्यासाठी मणिभाईंनी १९६७ साली भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. ती पुढे 'बायफ' या नावाने प्रसिद्धीस आली. उत्तम वळू प्रत्येक गावात ठेवणे अशक्य होते. म्हणून त्याचे रेत शून्याखाली १९६ अंश इतक्या थंड द्रवरूप नायट्रोजनात गोठवून ठेवीत. संस्थेचे कार्यकर्ते ते घेऊन शेतकऱ्याच्या दारी जात आणि तेथेच कृत्रिम रेतन करीत. ज्यांच्या दावणीला एकच गाय होती, त्यांनाही अशा रीतीने या शास्त्राचा लाभ झाला.

१९६८ साली भारत सरकारने मणिभाईंना पद्मश्री देऊन गौरविले आणि १९८२ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु मान मिळाला म्हणून त्यांनी उरुळी कांचन सोडले नाही. १९९३ साली त्यांचे निधन झाले. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी दिलेले वचन त्यांनी अखेरपर्यंत पाळले.

संकरित गाईंमुळे अनेक घरांत दुधाचा पैसा आला. मात्र अनुभवाने एक गोष्ट शिकविली. संकरित कालवडीचा पुन्हा परदेशी वळूशीच संकर केला, तर पुढच्या पिढीत परदेशी रक्त तीनचतुर्थांश होते. मग उन्हाळ्यात तिला सावली, पाणी व हिरवा चारा अधिक लागतो. ज्याच्यापाशी हे सारे नाही, त्याचे दूध ऐन उन्हाळ्यात घटते. आता शास्त्रज्ञ उष्णता सोसण्याचा गुण देणारे जनुक शोधीत आहेत. कॅरिबियन बेटांवरील सेनेपोल जातीच्या गुरांत आखूड, तुळतुळीत केस देणारा एक जनुक सापडला आहे. तो दुधाळ जातीत उतरविला असता तिच्या गाई उन्हात आपले अंग अधिक थंड राखू शकतात.

लाल कंधारी व देवणी या गाईंच्या रक्तातही ऊन सोसण्याचे असेच सामर्थ्य शतकानुशतके साठत आले आहे. या जाती एकदा नाहीशा झाल्या, तर ते सामर्थ्य कोणत्याही प्रयोगशाळेला पुन्हा निर्माण करता येणार नाही. म्हणून दूध वाढविताना त्यांचे शुद्ध कळप राखणेही अगत्याचे आहे. मणिभाईंनी विज्ञान गरिबाच्या गोठ्यापर्यंत नेले. त्या गोठ्यातील मूळचे धन सांभाळणे, हे त्यांच्यामागून येणाऱ्यांचे कर्तव्य आहे.