गादी सोडली, देशाची वकिली पत्करली
राजपुत्र ते राजदूत : आप्पासाहेब पंत यांची वाटचाल

सातारा, सांगली आणि विजापूर या भागांत विखुरलेली अवघी ७२ गावे, एवढेच औंध संस्थान. त्या संस्थानाच्या राजवाड्यात ११ सप्टेंबर १९१२ रोजी जन्मलेले आप्पासाहेब पंत पुढे स्वतंत्र भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबीपासून लंडनपर्यंत वावरले. सत्तावीस वर्षांच्या या सेवेत यजमान सरकारचा रोष त्यांनी ओढवून घेतला आणि संतप्त जमावाने आपल्याच दूतावासावर केलेला हल्लाही पाहिला. वारसाहक्काने आलेली सत्ता मात्र त्यांच्या घराण्याने त्याआधीच प्रजेच्या हाती सोपवली होती.

आप्पासाहेबांचे वडील भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान देणारे, पंडित सातवळेकरांच्या वेदाभ्यासाला आश्रय देणारे संस्थानिक अशी त्यांची ख्याती. आप्पासाहेब मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. पुढे त्यांनी ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेतले आणि लंडनला बॅरिस्टरची परीक्षा दिली. परतले तेव्हा देशात स्वातंत्र्याच्या चळवळीने जोर धरला होता.

पोलंडमध्ये जन्मलेले अभियंता मॉरिस फ्रिडमन यांच्याशी आप्पासाहेबांचा स्नेह जडला. गांधीजींच्या प्रभावाखाली आलेल्या फ्रिडमन यांनी ‘भारतानंद’ हे नाव धारण केले होते. या दोघांनी राजेसाहेबांसमोर एक धाडसी कल्पना मांडली : राज्य प्रजेच्या स्वाधीन करायचे. राजेसाहेबांनी ती मान्य केली. गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली राज्यघटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची सत्ता ग्रामपंचायतींपासून वर रचलेल्या लोकप्रतिनिधींच्या हाती आली. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथे कैद्यांची मुक्त वसाहतही याच काळात उभी राहिली.

नांदेड, लातूरच्या वाचकाला या घटनेचे मोल वेगळे सांगावयास नको. त्याच सुमारास, १९३८ मध्ये, निजामाच्या राजवटीने हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी घातली होती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही तुरुंगात जात होते. एकाच मराठी मुलखात एक राजा आपण होऊन अधिकार सोडत होता, तर दुसरा सभा घेण्याचा हक्कही नाकारत होता. औंध मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. मराठवाड्याला मात्र त्याच वर्षीच्या १७ सप्टेंबरपर्यंत वाट पाहावी लागली.

संस्थान संपले आणि आप्पासाहेबांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. पंडित नेहरूंनी १९४८ मध्ये त्यांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतील भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला पाठवले. रेल्वेमार्ग बांधण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीस हजारांहून अधिक भारतीय मजूर तेथे नेण्यात आले होते. त्यांच्यामागोमाग व्यापारी गेले. वर गोरे, खाली आफ्रिकन आणि मध्ये भारतीय अशी तेथील समाजाची उतरंड होती. या मधल्या पायरीवरच्या लोकांना आप्पासाहेबांनी न आवडणारी गोष्ट सांगितली. विशेष हक्क मागत बसू नका, हा देश आफ्रिकनांचा आहे, त्यांच्या बाजूने उभे राहा, हा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता.

नुसते सांगून ते थांबले नाहीत. आफ्रिकन तरुणांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून त्यांनी प्रयत्न केले. गांधीजींच्या स्मारकासाठी तेथील भारतीयांनी जमवलेल्या निधीतून उभ्या राहणाऱ्या शिक्षणसंस्थेला त्यांनी बळ दिले. ही संस्था पुढे रॉयल टेक्निकल कॉलेजमध्ये सामील झाली आणि त्यातूनच नैरोबी विद्यापीठ आकाराला आले. जोमो केन्याटा, म्बियू कोइनांगे यांच्यासारख्या नेत्यांशी त्यांचे घरोब्याचे संबंध होते.

ऑक्टोबर १९५२ मध्ये माऊ माऊ बंडामुळे केनियात आणीबाणी पुकारली गेली आणि केन्याटांना अटक झाली. त्यांच्या बचावासाठी भारतातून दिवाण चमनलाल गेले. वसाहती सरकारच्या दृष्टीने आता भारताचा आयुक्त ही डोकेदुखी ठरली. परकीय प्रतिनिधीने यजमान देशाच्या राजकारणात पडू नये, हा मुत्सद्देगिरीचा पहिला नियम. पण यजमान कोण, गोरे सरकार की आफ्रिकन जनता, हा प्रश्न होता. आप्पासाहेबांचे उत्तर ब्रिटिशांना मानवणारे नव्हते. त्यांच्याविरुद्ध तक्रारी लंडनमार्गे दिल्लीला पोहोचल्या आणि १९५४ मध्ये त्यांना नैरोबी सोडावे लागले. त्याच वर्षी सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. केनिया १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला.

१९५५ मध्ये ते सिक्कीम आणि भूतानसाठी राजकीय अधिकारी म्हणून गंगटोकला गेले. तिबेटमधील भारतीय कार्यालयांची देखरेखही त्यांच्याकडे होती. बुद्धजयंतीनिमित्त दलाई लामा १९५६च्या अखेरीस भारतात आले. परतावे की येथेच राहावे, या पेचात ते होते. नेहरूंच्या सल्ल्यानुसार ते परतले. परतीच्या वाटेवर फेब्रुवारी १९५७ मध्ये त्यांच्या हस्ते गंगटोक येथे तिबेटविद्या संस्थेची पायाभरणी झाली. नेहरूंनी १९५८ मध्ये तिचे उद्घाटन केले. त्याच प्रवासात नेहरू चुंबी खोऱ्यातून घोड्यावरून भूतानला गेले, तेव्हा आप्पासाहेब सोबत होते. तिबेटी संस्कृतीविषयी त्यांना मनापासून ओढ होती. पण मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामांना देश सोडावा लागला आणि ते जग डोळ्यांदेखत कोसळले. केनियात काळ त्यांच्या बाजूने होता, तिबेटमध्ये तो नव्हता.

१९६१ मध्ये त्यांची इंडोनेशियात नेमणूक झाली. पुढच्याच वर्षी जकार्तातील आशियाई क्रीडास्पर्धांत इस्रायल आणि तैवानला प्रवेश नाकारला गेला. भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेताच तेथे भारतविरोधी लाट उसळली. ३ सप्टेंबर १९६२ रोजी जमावाने भारतीय दूतावासावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी त्या विरोधी वातावरणात भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर महिना-दीड महिन्यातच चीनचे आक्रमण झाले.

पुढे नॉर्वे आणि १९६७च्या युद्धकाळातील इजिप्त अशी पदे त्यांनी भूषविली. १९६९ ते १९७२ या काळात ते लंडनमध्ये उच्चायुक्त होते. बांगलादेशाचा प्रश्न तेव्हा धगधगत होता. पाकिस्तानच्या कैदेतून सुटलेले शेख मुजीबुर रहमान ८ जानेवारी १९७२ रोजी लंडनला उतरले, तेव्हा भारताचे तेथील प्रतिनिधी आप्पासाहेबच होते. इटलीतील कार्यकाळानंतर १९७५ मध्ये त्यांची सेवा संपली.

निवृत्तीनंतर त्यांनी आपले अनुभव इंग्रजीत लिहिले. औंधच्या प्रयोगावर त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिले. वडिलांकडून आलेला सूर्यनमस्काराचा वारसाही त्यांनी पुस्तकातून परदेशी वाचकांपर्यंत नेला. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. औंधचे ग्रामराज्य दहा वर्षेही टिकले नाही. नैरोबीत मात्र त्यांनी पाठबळ दिलेल्या रोपट्याचे विद्यापीठ झाले आणि त्यातून आफ्रिकन तरुणांच्या कित्येक पिढ्या शिकून बाहेर पडल्या.