जॉन लाउडन मॅकॅडम

जॉन लाउडन मॅकॅडम (सप्टेंबर १७५६ – २६ नोव्हेंबर १८३६) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले रस्तेबांधणीतज्ज्ञ होते. बारीक फोडलेल्या खडीचे थर देऊन स्वस्त व टिकाऊ रस्ता बांधण्याची जी पद्धत त्यांनी रूढ केली, ती मॅकॅडम पद्धत म्हणून ओळखली जाते. डांबरी रस्त्यासाठी वापरला जाणारा ‘टारमॅक’ हा शब्दही त्यांच्याच नावावरून आला आहे. प्रत्यक्षात त्यांच्या रस्त्यांत डांबर नव्हते. विशेष म्हणजे रस्त्यांचे काम अंगावर घेण्यापूर्वी काही वर्षे डांबर गाळणे हाच त्यांचा व्यवसाय होता.

पूर्वायुष्य

मॅकॅडम यांचा जन्म स्कॉटलंडमधील एअर या गावी झाला. वडिलांच्या निधनानंतर १७७० मध्ये, चौदाव्या वर्षी, त्यांना न्यूयॉर्क येथे व्यापार करणाऱ्या काकांकडे पाठविण्यात आले. तेथे ते व्यापारात स्थिरावले. १७७८ मध्ये ग्लोरियाना निकोल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ते ब्रिटिश राजनिष्ठांच्या बाजूने राहिले आणि युद्धात पकडलेल्या जहाजांच्या विक्रीची दलाली करून त्यांनी बराच पैसा मिळविला. युद्धाचा निकाल ब्रिटनविरुद्ध लागल्यावर मालमत्तेचा काही भाग गमावून १७८३ मध्ये ते सहकुटुंब मायदेशी परतले.

एअर परगण्यात त्यांनी सॉक्री येथील जमीनजुमला विकत घेतला. याच काळात नववे अर्ल ऑफ डंडोनल्ड यांच्या डांबर गाळण्याच्या उद्योगाशी त्यांचा संबंध आला. दगडी कोळसा भट्टीत तापवून निघणारे हे डांबर लाकडी जहाजांचे तळ कुजू नयेत म्हणून त्यांना फासले जाई. मुअरकर्क येथील भट्ट्यांचा कारभार मॅकॅडम पाहत. मात्र जहाजांचे तळ तांब्याच्या पत्र्याने मढविण्याची पद्धत आल्यावर या डांबराची मागणी खालावली. धंदा लाभला नाही आणि सॉक्रीची मालमत्ताही त्यांना विकावी लागली.

रस्त्यांचा अभ्यास

ब्रिटनमधील मोठे रस्ते त्या काळी टोलवसुलीचा अधिकार असलेल्या विश्वस्त मंडळांकडे असत. अशाच एका मंडळाचे विश्वस्त म्हणून काम करताना मॅकॅडम यांना या विषयाची गोडी लागली. पैसा गोळा होई, परंतु तो खर्च करणाऱ्या देखरेख्यांना रस्त्याचे ज्ञान क्वचितच असे. खड्ड्यात मिळेल तो दगड, माती व वाळू टाकली जाई आणि पहिल्या पावसाळी हंगामात रस्त्याचा चिखल होई. १७९८ मध्ये ते नोकरीनिमित्त फाल्मथला व पुढे ब्रिस्टलला गेले. तेव्हापासून १८१४ पर्यंत देशभर सुमारे ३०,००० मैल रस्त्यांची त्यांनी स्वतः फिरून पाहणी केली. या कामी पदरचे ५,००० पौंडांहून अधिक खर्च झाले.

१८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्ते मंडळाने त्यांना प्रमुख पर्यवेक्षक नेमले. तेव्हा ते एकोणसाठ वर्षांचे होते. ज्या कामामुळे त्यांचे नाव राहिले, ते खऱ्या अर्थाने येथून सुरू झाले.

मॅकॅडम पद्धत

या पद्धतीचा मूळ विचार असा की, वाहनाचा भार दगड पेलत नाहीत, खालची जमीन पेलते; दगडांचे काम त्या जमिनीवर छप्पर धरण्याचे आहे. जमीन कोरडी राहिली तर ती कोणतेही ओझे सोसते, भिजली तर तिच्यावरचा जाड पायाही खचतो. समकालीन अभियंते थॉमस टेलफर्ड हाताने रचलेल्या मोठ्या दगडांचा पाया घालत. तो मजबूत असला तरी खर्चिक होता. मॅकॅडम यांनी हा पाया पूर्णपणे वगळला. दलदलीच्या भूमीवरही त्यांनी खडीचा थर थेट जमिनीवरच दिला, आणि कठीण खडकापेक्षा अशा नरम जमिनीवर रस्ता जास्त टिकतो, असे मत संसदेच्या समितीपुढे मांडले. त्या काळी ते अनेकांना धाडसाचे वाटले असणार.

रस्ता भोवतालच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच घेऊन दोन्ही बाजूंना चर खणले जात. तीस फूट रुंदीला मध्यभागी फक्त तीन इंच उंचवटा ठेवला जाई. पाणी वाहून जाण्यास तो पुरे, आणि गाडी कलंडण्याचीही भीती नाही. वर सुमारे दहा इंच जाडीची खडी थराथराने पसरत. कोणताही दगड सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा, जड नसावा, असा नियम होता व तो तपासण्यासाठी देखरेख्याजवळ लहान तराजू असे. हा नियम चाकांच्या रुंदीवरून ठरला होता. गाडीच्या लोखंडी धावेपेक्षा दगड मोठा असला, तर चाक त्याच्या कडेवर चढून त्याला उखडते. लहान असला, तर त्याला खाली दाबते. धारदार कोपऱ्यांचे दगड रहदारीखाली एकमेकांत गुंतून घट्ट बसत. त्यांच्यात माती किंवा खडू मिसळण्यास मॅकॅडम यांचा सक्त विरोध होता, कारण माती पाणी धरून ठेवते. खडी फोडण्याचे काम बसून, लहान हातोडीने करता येत असल्याने स्त्रिया, मुले व वृद्ध मजूरही ते करीत.

आपले विचार त्यांनी १८१६ मध्ये ‘रिमार्क्स ऑन द प्रेझेंट सिस्टिम ऑफ रोड मेकिंग’ या पुस्तकात मांडले. १८१९ मध्ये त्यांचे दुसरे पुस्तक आले. प्रशिक्षित, पगारी आणि हिशेबाला जबाबदार पर्यवेक्षक नेमावेत, हा आग्रह खडीच्या मापाइतकाच त्यांच्या लेखनात ठळक आहे.

उत्तरायुष्य

पद्धत पसरू लागली तसे आक्षेपही आले. ती त्यांनी स्वतः शोधलेली नाही, असे काहींचे म्हणणे होते. लहान खडीचा वापर त्यांच्या आधीही कोठे कोठे होत होता, हे खरे आहे. तिला नियमांत बसवून शेकडो मैलांवर अमलात आणणे हे त्यांचे श्रेय. संसदेने चौकशीअंती त्यांचा खर्च भरून दिला व वर अनुदान दिले. १८२७ मध्ये ते राजधानीच्या परिसरातील रस्त्यांचे प्रमुख पर्यवेक्षक झाले. देऊ केलेला ‘सर’ हा किताब त्यांनी नाकारला. १८३४ मध्ये तो त्यांचे पुत्र जेम्स यांना मिळाला. उन्हाळ्यात स्कॉटलंडला जाण्याचा त्यांचा परिपाठ होता. अशाच एका प्रवासातून परतताना मॉफट येथे त्यांचे निधन झाले.

डांबराशी पुन्हा संबंध

मॅकॅडम यांचे रस्ते घोडागाडीसाठी होते. मोटारी आल्यावर त्यांच्या वेगवान रबरी चाकांनी खडीमधील भुकटी उडू लागली आणि धूळ असह्य झाली. नॉटिंगहॅमशायरचे पर्यवेक्षक एडगर पर्नेल हूली यांना १९०१ मध्ये डेन्बी येथील लोखंडाच्या कारखान्याजवळ रस्त्याचा एक गुळगुळीत, धूळरहित तुकडा दिसला. तेथे डांबराचे पिंप फुटून सांडले होते व त्यावर भट्टीतील मळी टाकलेली होती. त्यावरून त्यांनी तापवलेले डांबर व मळी यांच्या मिश्रणाचे एकस्व १९०२ मध्ये घेतले. त्यातूनच टारमॅक हे नाव आले. पुढे कोळशाच्या डांबराची जागा खनिज तेलापासून मिळणाऱ्या बिटुमेनने घेतली. मराठी बोलण्यात मात्र दोन्हींना डांबरच म्हणतात.

महाराष्ट्रातील सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकांत ‘वॉटर बाउंड मॅकॅडम’ व ‘बिटुमिनस मॅकॅडम’ या संज्ञा आजही आढळतात. यांपैकी पहिल्या प्रकारात खडीवर रूळ फिरवून तिच्या फटींत बारीक चुरा किंवा मुरूम पाण्यासह भरला जातो. खडी बांधण्यासाठी वरून असे काही घालणे मॅकॅडम यांना मान्य नव्हते.