काणीच्या काळ्या भुकटीमागे लागलेला डॉक्टर : एडविन बटलर

सौंसर : जामसांवलीच्या हनुमानाला शनिवारी नागपूरहून गाड्या येतात. त्या ज्या वावरांमधून येतात तिथं आता संत्रा अन् कपाशीच जास्त. ज्वारीचा पेरा कमी झाला, पण ज्यानं पेरली त्याची काणीची काळजी जुनीच आहे. कणीस बाहेर पडतं आणि दाण्याच्या जागी काळ्या भुकटीची पुडी निघते. हिंदीत याला कंडवा म्हणतात. अशा रोगांचा भारतात शास्त्रानं अभ्यास करायची घडी ज्यानं बसवली, तो शेतकरी नव्हता आणि इथलाही नव्हता. शिकलेला होता डॉक्टरकी.

एडविन जॉन बटलर यांचा जन्म १८७४ चा, आयर्लंडमधल्या किलकी गावचा. १८९८ मध्ये कॉर्कला ते डॉक्टर झाले, पण मन रमलं बुरशीत. पॅरिसला जाऊन त्याचं शिक्षण घेतलं. १९०० मध्ये सरकारी नोकरीवर कलकत्त्याला आले, तिथून डेहराडूनला आणि १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथल्या नव्या कृषी संस्थेत. नोकरी इंग्रज सरकारची, तरी गरिबाच्या ताटातली ज्वारी-बाजरी त्यांनी सोडली नाही. बाजरीचं कणीस पानांचा झुबका होऊन बसतं, त्या गोसावी रोगावर त्यांनी १९०७ मध्येच लिहिलं. त्यावर पुढचं काम पुण्याच्या जी. एस. कुलकर्णींनी १९१३ मध्ये छापलं.

दाण्याच्या काणीची चाल मोठी लबाड. खळ्यावर मळणी होताना काळ्या पुड्या फुटतात आणि भुकटी चांगल्या दाण्याला चिकटते. तोच दाणा बियाणं म्हणून पेरला की त्याच्यासोबत बुरशीही उगवते. झाड हिरवंगार वाढतं, बुरशी आतून सोबत चढते, कुणाला काही कळत नाही. कळतं ते कणीस आल्यावर, आणि तेव्हा कोणतीच फवारणी कामाची नसते. म्हणून इलाज पेरणीच्या आधीच. त्या काळात बियाणं मोरचुदाच्या पाण्यात बुडवत, पुढं कोरडं गंधक चोळणं आलं. आजही शिफारस तीच आहे : किलोभर बियाण्याला ३०० मेश गंधक ४ ग्रॅम. खर्च किरकोळ, तरी पेरणीच्या घाईत नेमकं हेच राहून जातं.

बटलर यांचं पिकांच्या रोगांवरचं मोठं पुस्तक १९१८ मध्ये निघालं. त्यांच्या हाताखाली तयार झालेले जहांगीर फरदुनजी दस्तूर पुढं मध्य प्रांत सरकारचे कवकशास्त्रज्ञ म्हणून नागपूरला होते. छिंदवाडा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात, म्हणजे सौंसर-पांढुर्ण्याच्या पिकांचं दुखणं नागपूरच्याच हद्दीतलं.

१९२० च्या सुमारास बटलर इंग्लंडला परतले आणि क्यू इथल्या नव्या बुरशी-संस्थेचे पहिले संचालक झाले. १९२६ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो, १९३९ मध्ये सर. ४ एप्रिल १९४३ रोजी ते वारले.

एक गोष्ट मात्र शेतकऱ्यानं लक्षात ठेवावी. गंधक चालतं ते दाण्याच्या काणीवर. अख्खं कणीस खाणाऱ्या काणीचं बी जमिनीत राहतं, तिथं गंधकाचा उपयोग नाही. रोगट कणीस भुकटी उडायच्या आत पिशवीत घालून तोडायचं, जाळायचं आणि पुढल्या साली त्या वावरात ज्वारी घ्यायची नाही.

पुसाला बटलर यांनी जमवायला घेतलेले रोगट झाडांचे वाळवलेले नमुने भूकंपानंतर संस्थेसोबत दिल्लीला गेले. ते आजही तिथंच आहेत.